उशाशी कुणीतरी

"त्यांना दारातून हाक मारू नकोस गं. आधी जवळ जा, बस, मग बोल. आणि एकदा हो म्हणालीस की तो होकार पाळ. ते विसरतील, तू विसरू नकोस."

सासूबाईंनी बाबांबद्दल, माझ्या सासऱ्यांबद्दल, हे मला त्यांच्या शेवटच्या दुखण्यात सांगितलं होतं, पाण्याचा घोट घेता घेता. पहाटे माळ ओढून झाली की मी ते रोज एकदा मनाशी म्हणते. बाकीच्या नेमांसारखाच तोही एक नेम.

त्या दिवशीही म्हटलं होतं, आणि म्हणूनच गाडीत बसल्यावर मला बाबांकडे बघवत नव्हतं. डिकीत त्यांची बॅग होती. सदरे, स्वेटर, दाढीचं सामान, सगळं मीच घड्या घालून भरलेलं. बाबांना वाटत होतं, आपण सहलीला निघालोय.

ठरलं होतं ते असं. वाटेवर एका जुन्या डॉक्टरचं घर आहे, आता त्याचं संग्रहालय केलंय. ते बघायचं, बागेत डबा खायचा आणि मग पुढे वृद्धाश्रमात. पाचच्या आत आणा, नाहीतर खोली दुसऱ्याला जाईल, असं तिथून बजावलं होतं. सहलीची कल्पना माझ्या नणंदेची, ताईंची. "हसतखेळत जातील तरी," त्या म्हणाल्या होत्या. ह्यांनी मान डोलावली होती. मी काहीच बोलले नव्हते, आणि आमच्या घरात माझं न बोलणं म्हणजे होकारच धरतात.

घर सुरेख होतं. खालच्या मजल्यावर स्वयंपाकघर, घासून लखलखीत केलेली तांब्याची भांडी, टेबलावर मातीची रंगवलेली फळं. बाबांनी एक सफरचंद उचलून हुंगलं आणि परत ठेवलं. "दिखाऊ आहे," ते मला म्हणाले, "आपल्या ताईच्या सासरसारखं."

"ऐकू येतंय हं मला," ताई म्हणाल्या. हसल्या, पण नजर घड्याळावर. "आटपा लवकर. वरचा मजला राहू दे."

मी पाण्याची बाटली आणायला गाडीपाशी गेले. परत आले तर बाबा नव्हते.

"तुझ्याबरोबर नाहीत?" ह्यांनी विचारलं.

"मला वाटलं, तुमच्यापाशी आहेत."

तेवढ्यात जिन्यावरून माहिती सांगणाऱ्या बाई धापा टाकत खाली आल्या. त्यांच्यामागे चार-पाच पाहुणे, गळ्यात कॅमेरे, चेहरे गोंधळलेले.

"ते उंच, करड्या कोटातले आजोबा तुमचे का? त्यांनी सगळ्यांना खोलीबाहेर काढलं हो! मला म्हणाले, नर्सबाई, तुम्ही तरी समजून घ्या. आणि आतून कडी घातली."

आम्ही धावत वर गेलो. दाराशेजारी पाटी होती, 'आजाऱ्याची खोली'. बाजूच्या फोटोत आतली मांडणी दिसत होती. आडव्या दोरीपलीकडे पलंग, तिपाईवर औषधाच्या बाटल्या, मिटून ठेवलेला चष्मा, खाली सपाता. आणि रजईखाली लोड ठेवून कुणीतरी कुशीवर झोपल्याचा केलेला आकार, भिंतीकडे तोंड करून. सासूबाई अगदी तशाच झोपायच्या.

ह्यांनी दारावर थाप मारली. "बाबा! उघडा. काय तमाशा लावलाय?"

"हळू!" आतून दबका आवाज आला. "हळू बोला की. आत्ता कुठे डोळा लागलाय हिचा."

ह्यांचा हात दारावर तसाच राहिला.

"बघ," ताई त्यांना म्हणाल्या, "म्हणून म्हणते मी. परवा गॅस चालू ठेवला, आज हे. उद्या घर पेटवून देतील." मग त्यांनी दोन्ही मुठींनी दार बडवलं. "बाबा, उशीर होतोय आपल्याला! उघडा म्हणते ना!"

आत काहीतरी जड सरकल्याचा आवाज झाला. ते दाराला खुर्ची लावत होते.

"अहो, त्या खुर्चीला हात नका लावू!" बाई कळवळल्या. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "कडी घराइतकीच जुनी आहे, बाहेरून निघत नाही. मी सुताराला बोलावलंय. तो दार कापेल. नाइलाज आहे."

दार कापायचं, करवतीचा तो आवाज, आणि आत बाबा. त्यांचं हृदय आधीच नाजूक. ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मी बोलून बघू का?" मी म्हणाले.

"तू?" ताई म्हणाल्या. "तुझं बोलणं समोरच्या माणसाला ऐकू येत नाही, ते दारापलीकडे काय पोचणार?"

मी जमिनीवर बसले आणि दाराखालच्या फटीपाशी तोंड नेलं.

"बाबा, मी आहे."

मग जवळूनच, खालूनच आवाज आला. तेही पलीकडे खाली बसले असावेत.

"सूनबाई? एकटीच आहेस ना?"

खोटं बोलता आलं असतं. "नाही. ताई आहेत, हे आहेत."

"त्यांना खाली पाठव. हिला न्यायला आलेत ते."

"कुणाला, बाबा?"

"हिला. बॅग भरलीय. डिकी उघडली तेव्हा पाहिली मी. मला काय कळत नाही?"

मागे ताईंचा श्वास अडखळलेला मला ऐकू आला.

"मागच्या वेळी असंच केलंत," बाबा सांगत होते. "मला म्हणालात, तुम्ही पडा जरा, आम्ही दवाखान्यात आहोत. मी पडलो. उठलो तर सगळं संपलेलं. उशाशी कुणी नव्हतं तिच्या. तुम्ही सगळे चहाला गेला होतात."

ते खरं होतं. ह्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"बाबा, तुम्ही दमलात. बाहेर या, बागेत बसा."

"आणि हिच्याजवळ कोण बसेल?"

"मी बसते."

"ही जागी होईपर्यंत?"

जिन्यावर जड बूट वाजले. सुतार आला होता, हातात पिशवी. मी हात वर करून त्याला थांबवलं.

"हो. जागी होईपर्यंत."

"आणि कुणाला नेऊ देणार नाहीस?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. ताईंनीही.

"कुणालाच नाही."

"शपथ?"

"शपथ कशाला, बाबा? मी हो म्हणतेय ना."

खुर्ची सरकली. कडी निघाली. बाबा बाहेर आले, कोट चुरगळलेला, बोट ओठांवर. मला आत खूण करून ते जिना उतरायला लागले. हे त्यांचा हात धरून बरोबर गेले; त्यांना खाली बसवून परत वर यायचं म्हणून मीही मागोमाग.

बागेतल्या बाकावर बसून बाबा पाणी प्यायले आणि त्यांनी विचारलं, "डबा कुठाय? भूक लागली." ताईंनी घड्याळ पाहिलं.

"अजून वेळ आहे. आत्ता निघालो तर पोचू. चल गं, बस गाडीत."

"मला वर जायचंय," मी म्हणाले.

"वर कशाला?"

"बाबांना सांगितलंय मी, बसते म्हणून."

"अगं, तो लोड आहे! रजईखाली कापसाचा लोड! आणि बाबांच्या ध्यानात तरी आहे का आता?"

"माझ्या आहे."

"तुझे नेम घरी ठेव. तुला इथे टाकून जायचं का आम्ही?"

"तुम्ही थांबा किंवा जा. बाबांना मात्र नेऊ नका. तेही मी कबूल केलंय, कुणालाच नेऊ देणार नाही म्हणून."

ह्यांनी हलकेच विचारलं, "मुद्दाम करतेस हे?"

"हो."

इतकं स्पष्ट मी त्यांना पूर्वी कधी काही म्हटलं नव्हतं. ते किल्ली खिशात टाकून बाबांच्या शेजारी बसले आणि डबा उघडायला लागले. ताई गाडीच्या दाराशी उभ्याच होत्या.

माहिती सांगणाऱ्या बाई पायरीवर आल्या होत्या. वर बसू का, असं मी त्यांना विचारलं. त्यांनी आधी बाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बंद होईपर्यंत बसा," त्या म्हणाल्या. "दोरीच्या अलीकडे."

मी चपला काढून हातात घेतल्या आणि पायऱ्या वाजणार नाहीत अशा बेतानं वर निघाले.