चार बोटं मागे

थोरल्या बाई चहाला बाहेर गेल्या आणि धाकटीनं किरणांचा स्रोत चिमट्यानं उचलून चार बोटं मागे ठेवला.

स्रोत बटणाएवढा. त्यातून निघणारे गॅमा किरण समोरचा डिटेक्टर टिपायचा आणि स्क्रीनवर त्यांचं शिखर उभं राहायचं. शिखर सडपातळ आलं तर डिटेक्टर प्रयोगाला जाणार. फुगलं की त्याला सुट्टी. प्रयोगशाळेत बायका या दोघीच, म्हणून सगळे त्यांना थोरल्या बाई आणि धाकटी म्हणत. आजचा डिटेक्टर बाईंनी ऐन उमेदीत स्वतःच्या हातांनी जुळवलेला. सकाळपासून त्याचं शिखर बसकट येत होतं. बाई आता निवृत्त होणार, हा त्यांचा शेवटचा प्रयोग, आणि त्यात त्यांचाच डिटेक्टर नाही? स्रोत मागे सरला की किरणांची गर्दी कमी होते आणि जुन्या यंत्राची धांदल थांबते, हे तिला बाईंनीच शिकवलं होतं. शिखर खरंच निमुळतं झालं.

बाई आल्या, चष्मा पुसून स्क्रीनसमोर बसल्या.

"सुधारला की म्हातारा," धाकटी म्हणाली. आवाज जरा जास्तच मोकळा निघाला.

बाईंनी शिखराकडे पाहिलंच नाही. कोपऱ्यातला किरणांच्या मोजणीचा आकडा पाहिला, पट्टी घेऊन अंतर मोजलं आणि स्रोत मूळ जागी ठेवला. शिखर पुन्हा फुगलं.

"माझ्यासाठी केलंस ना?"

धाकटीनं मान खाली घातली.

"अगं, माझाही जीव आहे त्याच्यावर. घरचे तर ह्याला माझा थोरला मुलगाच म्हणतात. पण खऱ्या प्रयोगात किरण काही ह्याचं वय बघून येणार नाहीत."

'बाद'ची चिठ्ठी त्यांनी स्वतःच चिकटवली आणि डिटेक्टरवरून एकदा हात फिरवला. मोठं माणूस म्हणजे असं, धाकटीला वाटलं. आपल्याला हे सात जन्मांत जमलं नसतं.

"आता तुझा आण."

तिचा डिटेक्टर तिनं वर्षानुवर्षं खपून उभा केला होता. तिचा सगळा प्रबंध त्याच्यावर अडलेला.

"माझा तर परवाच पास झालाय, बाई."

"परवा मी इथे नव्हते," बाई शांतपणे म्हणाल्या. "स्रोत कुठे होता, मला कसं कळणार?"

परवा सगळं नियमाप्रमाणेच झालं होतं, अगदी काटेकोर. पण ते सांगायला आता धाकटीला तोंड राहिलं नव्हतं. ती उठली आणि आपला डिटेक्टर आणायला गेली.