केंडलबाई

आमच्या ऑफिसचं तोंड म्हणजे इवेलिस. आमच्या बेटाची राजधानी सान हुआन, तिच्या आतो रे भागात बसून आम्ही एका अमेरिकन कंपनीचे संगणक सांभाळायचो. टेक्सासमधल्या आमच्या साहेबाला, केंडलला, स्पॅनिशचं अक्षर कळत नव्हतं आणि आमच्यातल्या जुन्या माणसांचं इंग्रजी संगणकाच्या शब्दांपाशीच संपायचं. म्हणून बैठकीत केंडल पडद्यावरून बोलायचा आणि इवेलिस ते आमच्या भाषेत सांगायची. तो चिडला की तीच चिडल्यासारखी वाटायची. सगळे चेष्टेने तिला ‘केंडलबाई’ म्हणायचे. ती हसण्यावारी न्यायची. पण हल्ली आईशी बोलतानाही आपण दुसऱ्याचंच वाक्य पोचवतोय असं वाटतं, असं ती मला एकदा म्हणाली होती. माझं टेबल तिच्या शेजारीच होतं.

त्या गुरुवारी सकाळी केंडलने तिला एकटीला फोन केला. दुपारच्या बैठकीत तो सर्व्हर विभाग बंद करणार होता. काम अमेरिकेत हलणार, इथली माणसं घरी जाणार. लोक फार दुखावणार नाहीत असे शब्द तयार ठेव, असं त्याने तिला सांगितलं. आधी बातमी फुटली तर तुझीही जागा राहणार नाही, हेही सांगितलं, तेही आवाज न चढवता. तिचा भाऊ केव्हाच ऑर्लँडोला गेला होता आणि आई बेट सोडायचं नाव काढत नव्हती. इवेलिस हो म्हणाली.

जेवणाच्या सुट्टीत ती खाली जाऊन नुसतीच उन्हात उभी राहिली. परत येताना लिफ्टचं दार मिटत होतं, तेवढ्यात मध्ये एक हात आला. डॉन एफ्राइन. सर्व्हर विभागातले सगळ्यात जुने, म्हणून सगळे मानाने ‘डॉन’ म्हणायचे. हातात अल्कापुरिया या तळलेल्या वड्यांची तेलकट पिशवी. लिफ्ट जरा वर चढली आणि वीज गेली.

वीज जाण्याचं आमच्याकडे कुणाला काही वाटत नाही. पण त्या दिवशी इमारतीचा जनरेटरही सुरू झाला नाही. डॉन एफ्राइननी मोबाइलचा दिवा लावला आणि धोक्याचं बटण दाबलं. कुठून तरी लांबून एक इंग्रजी आवाज आला.

“हे तुझं खातं, पोरी,” ते म्हणाले.

तिने पत्ता सांगितला. आवाजाने विचारलं, हे कुठल्या राज्यात येतं? आमचं बेट अमेरिकेच्या ताब्यात असलं तरी राज्य नाही; तिने पुन्हा पत्ताच सांगितला. मदत निघाली आहे, असं तो म्हणाला आणि बंद झाला.

दोघं खाली बसले. उकाडा वाढत होता. डॉन एफ्राइननी तिच्या हातात एक अल्कापुरिया ठेवली आणि गप्पा सुरू केल्या. त्यांची मुलगी लूर्देस फ्लोरिडातली नोकरी सोडून पोरांसकट कायमची परत येणार होती. वरची खोली त्यांनी स्वतः रंगवून घेतली होती. सोमवारी ती राजीनामा देणार होती. इवेलिसने हातातली अल्कापुरिया पिशवीत परत ठेवली.

“डॉन एफ्राइन, लूर्देसला थोडं थांबायला सांगा.”

“का?”

ती म्हणाली, “दुपारची बैठक तुमच्या विभागाची आहे.”

“बंद करतायत?”

“हो.”

“आणि आम्हाला सांगणार कोण?”

“मीच.”

त्यांनी दिवा मालवला. बॅटरी पुरवायला हवी, म्हणाले. आता हे ओरडतील, असं वाटून ती अंधारात अंग चोरून बसली. ते ओरडले नाहीत. तीच शेवटी म्हणाली, मी आजारी पडल्याचं सांगून घरी जाते, मला हे जमायचं नाही.

“मग केंडल मशीनकडून भाषांतर वदवून घेईल,” ते म्हणाले. “त्यापेक्षा तू सांग. तो गोड गोड बोलेल, ते आमच्यापर्यंत आणू नकोस. सरळ सांग. तू मला बोललीस हे कुणाला कळणार नाही.”

आता तिला आजाराचं निमित्त काढून निसटण्याचीही सोय राहिली नाही. केंडलच्या धमकीने बांधलं होतं तेवढंच या माणसाच्या चांगुलपणाने बांधलं, असं ती मला नंतर म्हणाली.

अग्निशमन दलाच्या जवानांनी दार फाकवून दोघांना वर ओढलं. वीज आली, बैठक भरली. केंडल बराच वेळ बोलला: आपण एक कुटुंब आहोत, ही नवी सुरुवात आहे. इवेलिस म्हणाली, “सर्व्हर विभाग बंद होतोय. उद्या तुमचा शेवटचा दिवस. कारण एवढंच, की तिकडे त्यांना सोयीचं पडतं.”

एवढ्यातच आटोपलं का, असं केंडलने विचारलं. सगळं सांगितलं, ती म्हणाली. इकडे खोलीत एक जण उठून तिला म्हणाला की, तुला आधीच ठाऊक असणार. तेव्हा डॉन एफ्राइनच मध्ये पडले. हिला कुठून ठाऊक असणार, असं म्हणत त्यांनी धक्का बसल्याचा आव आणला. त्यांना तो अजिबात जमला नाही, पण त्या गडबडीत कुणाचं लक्ष नव्हतं.

शुक्रवारी माणसं गेली. बहुतेकांनी तिचा निरोप घेतला नाही. लूर्देस आलीच नाही. उलट काही महिन्यांनी डॉन एफ्राइनच घराला कुलूप लावून फ्लोरिडाला गेले.

केंडल मात्र खूश होता. इतक्या शांतपणे हे पार पडेल असं त्याला वाटलं नव्हतं. शेजारच्या बेटावरच्या सांतो दोमिंगोच्या ऑफिसातही अशीच एक बैठक घ्यायची आहे, ती तूच सांभाळ, असं त्याने तिला फोनवर सांगितलं. मी शेजारच्या टेबलावरून बघत होतो. तिने डोळे मिटले आणि ती इंग्रजीत हो म्हणाली.