कडेला झिजलेली बाज

मी एक बाज बोलतेय. माझे पाय बाभळीचे, वीण सुतळीची. बाजा विणणाऱ्या नत्थूजींनी मला इतकं घट्ट विणलं, की वर टाकलेलं संत्रं टुणकन उडायचं.

माझे धनी सौंसरचे कवडूजी. माणूस प्रेमळ, पण हट्टी! रानडुकरांपासून संत्र्याचा बगिचा राखायला त्यांनी मला घरून तिथे नेलं आणि रात्रभर टॉर्च घेऊन माझ्या कडेवर बसू लागले. पाठ म्हणून टेकवली नाही. घरी मात्र थाप, "मस्त झोपतो न मी बाजेवर!"

हळूहळू शरीर कुरकुरू लागलं. खोकला जाईना. बोटात संत्र्याचा काटा मोडला, ती जखमही भरेना. काढे झाले, हळद झाली, देवाला नारळही झाला.

अशात मुलगी उर्वशी माहेरी बाळंत झाली. कवडूजींना नात झाली! पण डॉक्टरांनी बजावलं, खोकला आहे तोवर बाळाजवळ जायचं नाही. बिचारे दारातूनच नातीला बघायचे आणि गमछ्यानं डोळे पुसत बगिच्यात यायचे. माझा जीव तुटायचा.

एका दुपारी त्यांची बायको केसरबाई डबा घेऊन आल्या. बसता बसता त्यांचा हात माझ्यावरून फिरला. मधली वीण नव्यासारखी ताठ, कड तेवढी लोंबलेली!

"अजी, तुमी हिच्यावर कधी झोपलेच नाही. खोटं काहून बोलून राहिले?"

"डुकरं बगिचा खातीन न वं!"

केसरबाई त्यांना तशाच डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. बगिच्यात परतल्या तरी त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरूच होता. "आयकलं न? झोप नसली तं रोगाशी लढाची ताकदच उरत नाही. बहाराआधी झाडाले इसावा देता, सोताले काहून नाही? तुमी बगिच्याची राखण करून राहिले, तुमच्या अंगाची राखण कोन करन?"

शेवटी कवडूजींनी टॉर्च सोडला. मुलगा अंकुर आणि शेजारचे विनोद यांनी राखणीच्या पाळ्या लावल्या. मी घरी आले. कवडूजी आधी नुसतेच कूस बदलायचे, मग घोरू लागले. जखम भरली, खोकला गेला, आणि एका सकाळी उर्वशीनं नात त्यांच्या कुशीत दिली.

बाबांनो, तुमचीही बाज कडेलाच झिजली असेल, तर वेळीच आडवे व्हा.

आता माझ्या मधोमध चांगला झोळ पडलाय. परवा अंकुर माझी वीण ओढायला बसला, तर नातीला खांद्यावर घेतलेल्या कवडूजींनी त्याचा हात धरला.

"राहू दे बापा. आमी दोघं त्यातच झोपतो."