शुक्रवारच्या चोवीस खुर्च्या

पांढऱ्या शर्टाला रेमी तायमांगलो तिसऱ्यांदा इस्त्री करायला लागली, तेव्हा तिची आई ओरडलीच, "अगं, जाळशील तो! काय लग्नाला निघालीयस का?"

लग्नाला निघालेल्यांना तरी थोडी धाकधूक असते. रेमीचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. कॉलेजात जाऊन महिना होत आला होता आणि आज, शुक्रवारी, कॉलेजच्या जेवणघरात पहिल्यांदा खऱ्या पाहुण्यांना जेवण वाढायचं होतं. शर्टावर तिच्या नावाची पट्टी होती. ती तिने पदराने पुसावी तशी बाहीने पुसली, मग बाहीच खराब झाली म्हणून पुन्हा इस्त्री तापवली.

तिचा ताता, म्हणजे बाप, कॉफी ढवळत मजा बघत होता. बेनिग्नो तायमांगलो बंदरावर क्रेन चालवायचा आणि घरी जीभ.

"चार वर्षं शिकून काय करणार म्हणालीस? लोकांना जेवू घालणार! तुझ्या आजीने गावच्या सणाला चारशे माणसं जेवू घातली. ती कुठल्या कॉलेजात गेली होती गं?"

"मला हॉटेल चालवायला शिकायचंय, ताता. आधी दोन वर्षं इथल्या कम्युनिटी कॉलेजात, मग दोन वर्षं विद्यापीठात. मग डिग्री."

"हॉटेल चालवणार! आधी ती तुझी खटारा गाडी चालव. सकाळी सगळी आळी उठवते."

रेमी हसली आणि निघाली. बापाचं बोलणं मनावर घेतलं तर आमच्या गुआम बेटावर एकही मुलगी शाळेच्या पुढे जायची नाही. तुमोनच्या समुद्रकाठी एवढी हॉटेलं उभी आहेत. त्यात पलंग आमची माणसं आवरतात, भांडी आमची माणसं घासतात, आणि वरच्या मजल्यावर बसून सगळं ठरवणारा माणूस विमानातून उतरतो. रेमीला त्या वरच्या मजल्यावर बसायचं होतं. यात चुकलं काय तिचं?

पण विद्यापीठाची वाट वर्ग शिकवणाऱ्या सेपेडा बाईंच्या हातात होती. बाईंनी सगळं आयुष्य हॉटेलात काढलं होतं, अंबाडा इतका घट्ट की भुवया कायम वर चढलेल्या. पहिल्या महिन्याच्या शेवटी त्या मुलांची निवड करायच्या. काहींना विद्यापीठाकडे जाणाऱ्या वर्गात घ्यायच्या, बाकीच्यांना वर्षभराचं प्रमाणपत्र. प्रमाणपत्र वाईट नव्हतं, नोकरी लागायची. पण मग वरचा मजला विसरायचा.

"स्वयंपाक जोवेन बघेल," बाईंनी वर्गाला सांगितलं होतं. "दारावर रेमी. पाहुणे चोवीस, खुर्च्या चोवीस. सगळ्यांनी फोन करून जागा धरली आहे. विद्यापीठाचे प्रोफेसर विलेगास पण येणार आहेत. हसून स्वागत करायचं. एवढंच."

एवढंच! आणि तिथंच घोटाळा झाला.

दार उघडलं तेव्हा पाहुण्यांना अजून वेळ होता. आत टेबलं मांडलेली, लाल भाताचा वास पार गाड्या लावायच्या जागेपर्यंत गेलेला, आणि समोरून गवत कापणारा मामा घाम पुसत चाललेला. आता आमच्याकडे जेवणाच्या वेळी दारावरून माणूस चालला आणि त्याला हाक मारली नाही, तर त्या घराला लोक वर्षभर नावं ठेवतात. रेमीच्या तोंडून आपसूक गेलं, "या मामा, जेवून जा!"

"नको गं पोरी, खाल्लंय मी," मामा म्हणाला. पहिल्यांदा नाहीच म्हणायचं असतं.

"असं कसं? दोन घास तरी!" दुसऱ्यांदा आग्रह करायचाच असतो.

मामा आला. मग वेल्डिंगच्या वर्गातली पोरं आली. त्यांना तर एकदाच विचारावं लागलं. मग पुतण्याची फी भरायला आलेली तान अंतोनिया आली (वडीलधाऱ्या बाईला आम्ही तान म्हणतो), तिच्यामागून तिची बहीण. रेमी प्रत्येकाला खुर्चीपर्यंत नेत होती, पाणी देत होती, हसत होती. अगदी जमलं की आपल्याला, असं तिला वाटत होतं. आतून जोवेन मान बाहेर काढून म्हणाला, "रेमी, चोवीस कधी झाले? आणि हा वेल्डिंगवाला तिसऱ्यांदा चिकन मागतोय!"

तेवढ्यात दारात प्रोफेसर विलेगास उभे राहिले. त्यांच्यामागे जागा धरलेले बाकीचे पाहुणे. आणि आत एकही खुर्ची रिकामी नाही.

जेवणाऱ्या माणसाला ताटावरून उठवायचं? हात झडतील! मग तिने शेजारच्या वर्गातली बाकं ओढली आणि बाहेर फणसासारख्या त्या आमच्या दोकदोक झाडाच्या सावलीत मांडली. जेवण पुरेना. तान अंतोनियाने परिस्थिती पाहिली, गाडीकडे गेली आणि रात्रीच्या जपमाळेच्या प्रार्थनेसाठी केलेला लाल भाताचा आणि भाजलेल्या फासळ्यांचा भलामोठा ट्रे घेऊन आली.

"बाहेरचं अन्न माझ्या स्वयंपाकघरात चालायचं नाही!" सेपेडा बाई कडाडल्या.

"स्वयंपाकघरात कुठंय?" तान अंतोनिया म्हणाली. "झाडाखाली आहे. घ्या, तुम्ही पण घ्या. किती वाळलाय!"

प्रोफेसर विलेगासांनी दोनदा भात घेतला. सगळे हसत घरी गेले. पण बाई हसल्या नाहीत. सगळं आवरल्यावर त्यांनी रेमीला समोर बसवलं.

"फार छान सण केलास. पण सणात यजमान सगळं उधळतो आणि खूश होतो. हे हॉटेल आहे. ज्याने जागा धरली, त्याला तू शब्द दिला होतास. आणि तो माणूस उन्हात उभा राहिला. तू कुणाला जेवू घातलंस हे मी विचारत नाही, रेमी. शब्द कुणाचा मोडलास, ते सांग."

असा विचार रेमीने जन्मात केला नव्हता. खुर्ची रिकामी असली तरी ती कुणाची तरी असते, हे तिला घरात कुणी शिकवलंच नव्हतं.

"पुढच्या शुक्रवारी पुन्हा तूच दारावर," बाई म्हणाल्या. "ते बघून मी ठरवीन, विद्यापीठ की प्रमाणपत्र."

घरी ताता डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. "सगळ्या कॉलेजाला जेवू घातलं! ही खरी माझी मुलगी. बघ, म्हटलं होतं ना, हे आपल्या रक्तातच आहे. त्याला डिग्री कशाला?"

त्या कौतुकाने रेमीला जितकं लागलं, तितकं बाईंच्या बोलण्याने लागलं नव्हतं. पण गंमत बघा, रात्री अंथरुणात पडल्यावर तिला रडू येण्याऐवजी भलताच हुरूप आला. म्हणजे शिकण्यासारखं काहीतरी आहे तर! आजीला येत नव्हतं असं काहीतरी!

शुक्रवार उजाडला. खुर्च्या चोवीस. गवतवाला मामा दारावरून गेला, रेमीने जीभ दाताखाली धरली आणि म्हणाली, "मामा, आज भरलंय हो. पुढच्या वेळी आधी सांगा, तुमची जागा धरून ठेवते." मामा चकित झाला, पण हसून गेला. बावीस पाहुणे बसले. खिडकीजवळचं दोघांचं टेबल तेवढं रिकामं होतं. जागा धरलेले कामाचो नवरा-बायको अजून आले नव्हते.

आणि दारात उभा ताता! डोक्यावर बंदराची टोपी, हातात फॉइलने झाकलेला ट्रे, बरोबर त्याचा मित्र ग्रेगोरिओ.

"म्हटलं आज पोरीच्या हातचं खावं," ताता म्हणाला आणि आत पाऊल टाकलं.

रेमी आडवी आली. "ताता, जागा नाहीय."

"ती काय, खिडकीपाशी! दोन खुर्च्या, आम्ही दोघं. देवानेच मांडल्यात."

"त्या कामाचोंच्या आहेत."

"कुठायत कामाचो?"

"येतील. मी त्यांना शब्द दिलाय."

ग्रेगोरिओ पायाकडे बघायला लागला. स्वयंपाकघराच्या दारात सेपेडा बाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. ताताचा चेहरा उतरला. हसणं कुठल्या कुठे गेलं.

"बापाला उपाशी परत पाठवतेस, रेमेडिओस?"

घरचे तिला पूर्ण नावाने फक्त चर्चमध्ये नाहीतर रागाच्या वेळी हाक मारत. ती हलली नाही. "बाहेर सावलीत बाक आहे, ताता. पाणी आणून देते. पण आत नाही."

ताता वळला. तो गेला, घरी जाऊन आता महिनाभर बोलणार नाही, असं ती धरूनच चालली. पाणी नेऊन द्यायचंही तिला धैर्य झालं नाही, जोवेनलाच पाठवलं.

थोड्या वेळाने धापा टाकत एक म्हातारं जोडपं आलं. नवऱ्याचे हात ग्रीसने काळे झाले होते. "टायर पंक्चर झालं गं. आता कुठली जागा उरली असणार! म्हटलं, सांगून तरी जावं."

"आहे ना, मिस्टर कामाचो. खिडकीपाशी. तुमचीच आहे."

म्हातारीने तिचा हात घट्ट दाबला. रेमीने त्यांना बसवलं, नॅपकिन दिले, म्हाताऱ्याला हात धुवायची जागा दाखवली. सेपेडा बाई तिच्या शेजारून ट्रे घेऊन गेल्या आणि न थांबता म्हणाल्या, "सोमवारपासून विद्यापीठाच्या वर्गात बसायचं. उशीर चालणार नाही." बाईंच्या भुवया चक्क खाली आल्या होत्या.

रेमीला नाचावंसं वाटत होतं, ओरडावंसं वाटत होतं. आणि सांगायचं तर नेमकं ज्याला सांगायचं तोच रागावून गेलेला. तेवढ्यात बाहेर आवाज चढला. मागच्या वेळची वेल्डिंगची पोरं वासावर आली होती आणि बाकावरून उठून त्यांची वाट अडवत होता ताता. गेलाच नव्हता तो. दाराकडे तोंड करून बसला होता आणि त्याने सगळं पाहिलं होतं.

"ए, कुठं निघालात? जागा धरलीय का? मग फुटा! ट्रेमधलं हवं तर घ्या, इथं बसून खा. आत माझ्या मुलीला विचारल्याशिवाय जायचं नाही. स्वतःच्या बापाला सोडलं नाही तिने, तुम्हाला काय सोडते!"

पोरांच्या हातात ट्रे देऊन तो दाराशी आला. उंबऱ्याच्या अलीकडेच थांबला. टोपी काढून त्याने छातीशी धरली.

"पुढच्या शुक्रवारी जागा मिळेल का, मिस?"

रेमीला कागद दिसेना, डोळे भरले होते. "मिळेल, सर. किती जण?"

"दोन. मी आणि बायको." तो घुटमळला. "नाव लिहून घे. बेनिग्नो तायमांगलो."

तिने लिहिलं.

"आणि मिस," ताता हळूच म्हणाला, "यायला मला उशीर झाला, तरी ती खुर्ची कुणाला द्यायची नाही हं."