न झाडलेलं घर

"झाडून काढा हे सगळं. आजच्या आज," नर्स दारातूनच म्हणाली. आत पाऊल टाकलं असतं तर तिचा पाय घोट्यापर्यंत रुतला असता.

वडीलधारीला आमच्याकडे मानाय म्हणतात. मानाय प्रोसिंग पालथ्या टोपलीवर बसल्या होत्या. "घरात मयत आहे, बाई. झाडता येत नाही."

नर्सने घरभर नजर फिरवली. तीन भिंती, चौथीच्या जागी निळी ताडपत्री, कोपऱ्यातल्या फळीवर तापाने फणफणलेली नात, तिच्या उशाशी प्रोसिंगची लेक जेनेलिन, आणि सगळीकडे समुद्राने आणून टाकलेला काळा गाळ. मयत कुठेच दिसेना. नर्स शहरातून आलेली. तिने माझ्याकडे बघितलं.

"मयत अजून यायचंय," मी खुलासा केला.

नर्सने गोळ्या दिल्या, पोरीच्या छातीत गाळाची घाण गेलीय असं सांगितलं आणि ती पुढच्या घराकडे गेली. पुढचं घर नव्हतं, पण तिथली माणसं होती. प्रोसिंग तिला पोचवायला उठल्या नाहीत. त्यातही काही उद्धटपणा नव्हता. मयत पुरेपर्यंत घरच्यांनी पाहुण्याला दारापर्यंत सोडायला जायचं नसतं. आणि मयत पुरेपर्यंत केर काढायचा नसतो. काढला तर झाडू घरातल्या आणखी एकाला सोबत घेऊन जातो. हे आमच्याकडे सान फाबियानमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

आता प्रोसिंगचा धंदाच झाडण्याचा. बाजाराचा चौक त्यांनी जन्मभर खराट्याने झाडला. वादळानंतर मदतवाल्यांनी साफसफाईला माणसं लावली, तेव्हा पहिला हात यांचाच. शाळा झाडली, देवळाचं अंगण झाडलं, कपितानच्या, म्हणजे गावप्रमुखाच्या, घरातून मेलेलं डुक्कर काढून तेही झाडलं. गावात एकच घर तसंच राहिलं. महिना होत आला होता. वासाने डोळ्यांना पाणी यायचं. ते एका अर्थी सोयीचंच होतं.

मयत तेर्योचं, प्रोसिंगच्या नवऱ्याचं. तेर्यो माडी काढायचा. वादळाची दवंडी झाली तेव्हा बायकापोरं शाळेत गेली आणि पुरुष घरं राखायला मागे राहिले. आमची रीतच ती. सगळेच पुरुष आपापल्या घरात राखण करत बसतात, म्हणजे चोरी करायला गावात कुणी उरत नाही, तरी राखण लागतेच. मी माझं गाण्याचं यंत्र राखत होतो. वाढदिवसाला आणि मयताला भाड्याने देतो मी ते. तेर्यो त्याचा झुंजीचा कोंबडा राखत होता. कोंबड्याचं नाव जनरल. मग समुद्र आला. मला फणसाच्या झाडाने धरून ठेवलं. जनरल तिसऱ्या दिवशी देवळाच्या छपरावर सापडला, शेपटीचं एक पीस कमी, बाकी ठणठणीत. राखणदार मात्र सापडला नाही.

प्रोसिंग रोज मढी गोळा करणाऱ्या ट्रकपाशी जायच्या. पिशवीची चेन पायाकडून उघडायच्या. तोंडावरून कुणी ओळखू येत नव्हतं, पण तेर्योचे पाय त्यांनी कुठेही ओळखले असते. जन्मभर माडावर चढून अंगठे बाजूला फाकलेले. मग देवळामागच्या मोठ्या खड्ड्यावर माती पडली, ट्रक यायचा थांबला, आणि प्रोसिंग पालथ्या टोपलीवर येऊन बसल्या.

नर्स गेल्यावर जेनेलिन उठली. कोपऱ्यातला खराटा तिने उचलला.

"ठेव तो," प्रोसिंग म्हणाल्या.

"नानाय, पोरगी मरेल या घाणीत!" ती आईला म्हणाली.

"झाडलंस तर मरेल."

"कुणी सांगितलं?"

"माझ्या आईचा बाप मरून घरात होता तेव्हा माझ्या मावशीने केर काढला. आठवड्यात माझा भाऊ गेला. मी बघितलंय. तू नाही बघितलंस."

"मला तेवढं कळतं नानाय, पण तातायचं काही येणार नाहीये आता! समुद्रात गेलं ते. मग काय, ही पण जाईपर्यंत बसायचं?"

फळीवरची पोर खोकली. तिचं नाव प्रिन्सेस. खोकताना तिच्या फासळ्या मोजता येत होत्या. मायलेकींना एकच हवं होतं, आणि खराटा धरून जेनेलिन रडत होती.

"मानाय," मी म्हणालो, "मयत येत नसेल तर आपण त्याच्याशिवाय उरकू. पेटी करतो. जागरण करू, पाद्रेंना बोलावू, पुरू. पुरलं की झाडा."

"रिकामी पेटी पुरू? लोक हसतील."

"आत केळीचा खांब ठेवला तर?"

प्रोसिंगनी छातीवर क्रुसाची खूण केली. "मेल्या नार्दो! मयत पळवून त्याच्या जागी खांब भुतं ठेवतात! तोंड धू जाऊन."

ते खरंच होतं. शिवाय गावात केळ शिल्लकही नव्हती. पण पेटीला त्या नाही म्हणाल्या नव्हत्या.

आडवे झालेले माड हवे तेवढे होते. ज्यांची माडी आम्ही प्यायलो त्यातलाच एक कापला. माडाच्या फळ्या ओबडधोबड होतात आणि मी काही सुतार नाही. पेटी जरा होडीसारखी झाली. पाद्रे आधी म्हणाले, देहाशिवाय विधी कसा करायचा. मग बाहेर बघून म्हणाले, करू.

जागरण भर दिवसा केलं, कारण दिव्यांना तेल नव्हतं. पत्त्यांच्या डावाशिवाय मयताचं जागरण होत नाही आणि टेबल तर कुणाकडेच नव्हतं, म्हणून मी माझं यंत्र नेलं. त्याच्या पोटात वाळू होती, ते आता गाणार नव्हतं, पण वरून सपाट होतं. गाळात फळ्या टाकून आम्ही बसलो. मदतीतल्या डब्याची मासळी आणि भात.

"तेर्यो असता तर दुसऱ्याचे पत्ते बघत बसला असता," कुणीतरी म्हणालं.

"आत्ताही बघत नसेल कशावरून?" कपितान म्हणाले. त्यानंतर मात्र सगळ्यांनी पत्ते छातीशी धरले.

जनरल आला आणि पेटीवर चढला. आमच्यात खून झालेल्याच्या पेटीवर कोंबडीचं पिल्लू ठेवतात. ते टोचत राहतं आणि तिकडे खुन्याच्या काळजाला टोचण्या लागतात म्हणे. जनरलला कुणी ठेवलं नव्हतं. कुणी हाकललंही नाही. तो टक टक करत राहिला. समोर समुद्र निळाशार पडला होता. त्याला काही टोचत असल्याचं दिसलं नाही.

पाद्रे आले, चौघे पेटी उचलायला उठले, आणि घोळ झाला. पेटी खाडकन वर गेली. एकाच्या खांद्याला लागून भिंतीवर आपटली. आत तेर्योचा कोयता आणि सदरा होता, तो कोयता या टोकापासून त्या टोकापर्यंत घरंगळत गेला. कुणीतरी हसलं. हसण्यासारखं होतंच, मीही ओठ चावला.

"खाली ठेवा," प्रोसिंग म्हणाल्या. आवाज चढला नाही. "खोकं घेऊन जायचं नाही मला. माणूस न्यायचाय."

"मानाय, आता आणायचं काय आत?" कपितान म्हणाले. "पाद्रे थांबलेत."

प्रोसिंग खाली बघत होत्या. खाली गाळच होता. ज्या पाण्याने तेर्योला नेलं, त्यानेच तो इथे ठेवला होता. त्या टोपलीवरून उतरल्या आणि गुडघ्यांवर बसल्या. दोन्ही हात गाळात घातले, ओंजळ भरली, आणि माझ्याकडे वळल्या.

"नार्दो, हे झाडणं होतं का रे?"

गावातली सगळी जागरणं मी केलेली. तरी मी विचार करायला वेळ घेतला, कारण जेनेलिन श्वास रोखून उभी होती.

"झाडायला झाडू लागतो, मानाय," मी म्हणालो. "हात म्हणजे नुसतं उचलणं."

त्यांनी पाद्रेंकडे बघितलं. पाद्रे छपराकडे बघत होते. छप्पर नव्हतं.

त्यांनी ओंजळ पेटीत सोडली. मग दुसरी. जेनेलिन शेजारी बसली. मग सगळेच बसलो, कपितानसुद्धा नव्या विजारीत. गाळातून एक चमचा निघाला, एक चप्पल, झुंजीच्या कोंबड्याच्या पायाला बांधायची पात. प्रत्येक वस्तू प्रोसिंग बघायच्या. तेर्योची असली तर पेटीत, दुसऱ्याची असली तर बाजूला. चप्पल बाजूला ठेवली. घराची जमीन दिसायला लागली तेव्हा पेटी काठोकाठ भरली होती. आता चौघांना ती हलेना. सहा जण लागले, आणि वाटेत दोनदा टेकवावी लागली.

"बघा, किती जड होते ते," प्रोसिंग मागून चालताना कुणाला तरी सांगत होत्या. "माडीवाला माणूस. हाडं जड."

पुरून आलो. मी यंत्र न्यायला त्यांच्या घरी गेलो. प्रोसिंगनी खराटा घेतला होता. झाडण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं. ओली जमीन, थोडी वाळू. पण त्यांनी कोपऱ्यापासून सुरुवात केली, बाजाराचा चौक झाडायच्या तशी, सावकाश, एकावर एक फटकारे. फळीवर प्रिन्सेस झोपली होती. मधेच खोकली. खराटा थांबला. पोर कुशीवर वळली, श्वास चालू राहिला, मग खराटाही.

मी यंत्र हातगाडीवर चढवलं आणि निघालो.

मागून पावलं वाजली. प्रोसिंग आल्या होत्या, खराटा हातात तसाच. जिथे दार असायचं तिथे येऊन त्या थांबल्या, चौकटीला हात लावायला गेल्या, चौकट नव्हती, हात खाली घेतला.

"सांभाळून जा, नार्दो," त्या म्हणाल्या, आणि मी वळणावर जाईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.