प्लगवाल्या महाराजांचा काळा कापूस

उल्हासनगर कॅम्प तीनच्या त्या गल्लीत सकाळपासून पाय ठेवायला जागा नव्हती. ओट्यावर एक पत्र्याची पेटी घूं घूं करत होती. शेजारी पवनमहाराज, अंगात भगवी कफनी अन् मनगटावर क्वार्ट्झचं घड्याळ, पांढराशुभ्र कापूस सगळ्यांना दाखवत होते.

"देखो माऊली, कोरा आहे ना? अब चमत्कार बघा."

पेटीच्या खालच्या खणात त्यांनी धुपाची गोळी पेटवली, वायुदेवतेचा नैवेद्य म्हणून. वरच्या खणात कापूस सरकवला. थोड्या वेळानं बाहेर काढला तो काळाकुट्ट.

"ही तुमच्या छातीत जाणारी घाण. मशीननं हवेतून खेचली. दमा खल्लास, हार्ट मजबूत. गोळ्या नाल्यात टाका."

म्हाताऱ्याकोताऱ्यांनी हात जोडले.

शालनच्या घरात अशीच एक पेटी दिवाळीपासून ठाण मांडून बसली होती. नवरा भीमराव अंबरनाथच्या केमिकल कारखान्यातून रिटायर झालेला. छातीत घरघर, त्यात हृदय कमजोर. बापानं छप्पन साली धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून या घरात ना अंगारा आला ना गंडा. मग असला माणूस गळाला लागला कसा? तर पेटीला प्लग होता ना.

"मी बुवाबिवा मानत नाही," तो ठणकावून सांगायचा. "हे सायन्स आहे. देवाला कधी वायर असते का?"

"आणि सायन्सला नैवेद्य लागतो होय?" शालन विचारायची. त्यावर साहेब पेपरात तोंड घालायचे.

पण हसण्यावारी न्यायची गोष्ट राहिली नव्हती. त्यानं गोळ्या सोडल्या, तोंडात मारायचा पंप कपाटात टाकला. शुद्ध हवा पळून जाईल म्हणून महाराजांच्या हुकुमानं खिडक्या बंद. नाक्यापर्यंत जाताना तो आता कुणाच्यातरी पायरीवर टेकायचा. शालनला भीती वाटायची, माणूस हातचा जातो की काय.

ती घरीच जीन्सचे धागे कापायची. निळा भुसा उडायचा तो पंख्याच्या पात्यांवर, पापडांवर, भीमरावच्या रुमालावर. आदल्या दिवशी पेटीतला कापूस बदलताना ती थबकली. या घरात सगळंच निळं होतं, मग कापूस तेवढा काळा कसा? त्या दिवशी तिनं धूप लावलाच नाही. संध्याकाळी कापूस जसाच्या तसा, ना काळा ना निळा. तिनं स्क्रू काढले. आत इवलासा पंखा, खणातला धूर वरच्या कापसात ढकलणारा. बाकी खोलीतली हवा आत यायला वाटच नव्हती.

भीमरावला सांगितलं तर म्हणाला, "तूच काहीतरी बिघडवलंस."

म्हणून आज ती त्याला घेऊन ओट्यापाशी आली होती.

"महाराज, एकदा धुपाशिवाय चालवा."

"माई, देवता उपाशी राहील."

"राहू द्या. माझा नवरा श्वासाला उपाशी आहे."

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "चलाओ ना महाराज, डर कायको?" नाइलाजानं महाराजांनी पेटी चालवली. कापूस कोराच निघाला. महाराज कापूस मुठीत लपवत म्हणाले, "मतलब इधर की हवा शुद्ध झाली."

कॅम्प तीनची हवा शुद्ध! आधी खो खो हसला तो भीमरावच. हसता हसता खोकल्याची उबळ आली, डोळे पांढरे व्हायला लागले. शालननं कमरेच्या बटव्यातून पंप काढून पुढे केला. सगळ्यांदेखत त्यानं तो तोंडाला लावला. दम परत आला तोवर महाराज रिक्षात बसले होते.

शालननं त्याला तसंच दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टर हेमचंद्रांनी छाती तपासून चांगलंच झापलं. "हवा गाळणारी खरी यंत्रं असतात, धूळ थोडी कमी करतात. औषधाची जागा घेत नाहीत. आणि तुम्ही तर खिडक्या लावून धूर कोंडत होतात."

आता शालन घराबाहेरच्या ओट्यावर बसून धागे कापते. भीमराव उघड्या खिडकीशी असतो, पंप खिशात. गल्लीत कुणी नवी चमत्कारी मशीन आणली की सल्ला विचारायला त्याच्याकडेच येतात.

"प्लग बघू नका रे," तो सांगतो. "मी तेवढाच बघितला. आधी मागून उघडा, आणि उघडू देत नसेल तर घरात घेऊच नका."