कुत्र्याच्या पिंजऱ्यात सात कोंबड्या

मित्रांनो, मी एक जुना पिंजरा आहे. लोखंडी पाइपांची चौकट आणि तिच्यावर ताणून बसवलेली तारेची जाळी. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, आणि माणूस न वाकता आत शिरेल एवढा उंच. माझा जन्म कुत्र्यासाठी झाला आणि आज माझ्यात कोंबड्या राहतात. यात मला कमीपणा वाटत नाही. लोखंडाला मान-अपमान फारसा कळत नाही. त्याला ऊन, पाणी आणि गंज एवढंच कळतं.

अमरावतीतल्या एका वेल्डिंगच्या दुकानात मी तयार झालो. नितेश साहेब नावाच्या इंजिनिअरांनी आपल्या बंटीसाठी मला बनवून घेतलं. बंटी अल्सेशियन होता आणि अंगापिंडाने वासरासारखा होता. साहेबांनी माझ्या प्रत्येक सांध्याला लाथ मारून पाहिली आणि मगच मला घरी नेलं. तिथे येणारे पाहुणेही मला हलवून बघत आणि "मजबूत काम आहे" म्हणत. मी फुगून जाई.

माझ्या मागच्या बाजूला, जमिनीलगत, वीतभर उंचीची एक खिडकी होती. तिला वर सरकणारी पत्र्याची झडप होती. घरच्या बाई स्वयंपाकघरातून येत, झडप वर करत, ताटली आत सरकवत आणि झडप खाली पाडत. झडप पडताना कर्रर्र असा आवाज व्हायचा. कानाला तो फार वाईट लागे, पण बंटीची शेपूट त्या आवाजानेच हलू लागायची. नऊ वर्षं रोज दोन वेळा मी तो आवाज केला. मग बंटी म्हातारा झाला आणि एका हिवाळ्यात गेला. त्यानंतर माझ्यात तुटका कूलर, एक सायकल आणि रंगाचे रिकामे डबे आले. पुढे साहेबांनी पुण्याला बिऱ्हाड हलवलं आणि मला भंगारात काढलं.

भंगार घ्यायला बशीरभाई आले. त्यांनीही आधी मला लाथ मारून पाहिलं. मग म्हणाले, "याले कापाचं नाई. हे आपल्या आपाच्या कामाचं हाय."

आपा म्हणजे त्यांची मोठी बहीण आयशाबी. त्या नांदगाव खंडेश्वरला राहतात. नवरा वारल्यापासून घरात एकट्याच. सोबतीला गावरान कोंबड्या. पहाटे नमाज झाली की खुराडं उघडायचं, एकेकीला नावाने हाक मारायची, मग चहा ठेवायचा. त्या हाका ऐकल्यावर मला वाटलं, या बाईचा दिवस कोंबड्यांपासूनच सुरू होतो. पण गुडघे धरल्यामुळे त्यांना कोंबड्यांमागे पळवत नव्हतं, आणि शेतातून येणारं मुंगूस एकेक करून कोंबड्या नेत होतं. मुलगा फरदीन अकोल्याला मोबाइलच्या दुकानात आहे. आई एकटी राहते म्हणून त्याचा जीव टांगणीला. मी तिथे पोहोचलो त्याच दिवशी त्याने आईकडून कबूल करून घेतलं होतं.

"अम्मी, ये पिंजरा आखरी. इसमें से भी मुर्गियां गयीं तो आप मेरे साथ अकोला चलेंगी. वादा?"

"वादा," आयशाबी म्हणाल्या.

म्हणजे मित्रांनो, सात कोंबड्यांबरोबर एका बाईचं घरही माझ्या भरवशावर होतं.

मला घडवताना एवढंच पाहिलं होतं की आतलं बाहेर जाऊ नये. बाहेरचं आत येऊ नये, याचा विचार कुणी केला नव्हता. बशीरभाईंनी तो केला. माझ्या जाळीचं भोक दोन बोटं सहज जातील एवढं मोठं, म्हणून खालच्या दोन फुटांना त्यांनी बारीक जाळी लावली. मुंगूस उकरून आत येतं, म्हणून चर खणून ती जाळी मातीत गाडली. डोक्यावर निम्मे पत्रे आणि निम्मी जाळी घातली. झडपेपाशी पत्रा होताच, तिथे त्यांनी काही केलं नाही. आत त्या बाजूला खुराडं ठेवलं, त्यामुळे झडप त्याच्या आड गेली. शेवटी सगळ्यांनी मला पुन्हा एकदा लाथा मारल्या आणि समाधान मानलं.

माझं दार आयशाबींच्या स्वयंपाकघराकडे होतं. पाठ होती माणिकबाईंच्या अंगणाकडे, कुंपणाला अगदी खेटून. माणिकबाई शेजारीण. सतरा-अठरा वर्षांचा शेजार, पण वर्षभरापासून बोलणं बंद. गेल्या उन्हाळ्यात माणिकबाईंनी बाजेवर कुरडया वाळत घातल्या होत्या आणि कोंबड्यांनी त्या पार तुडवल्या. माणिकबाई तेव्हा म्हणाल्या होत्या की एकेकीची मान मुरगाळीन. आयशाबीही काही कमी बोलल्या नव्हत्या. हे सगळं मला कोंबड्यांमागे बडबडणाऱ्या आयशाबींकडूनच कळलं.

आता गंमत ऐका. मला उभं करून आठवडा झाला असेल. सकाळी अंगण झाडायला माणिकबाई बाहेर आल्या. इकडेतिकडे पाहिलं. मग कुंपणाच्या फटीतून हात घालून त्यांनी माझी झडप वर केली आणि शिळ्या भाकरीचा कुस्करा आत टाकला. कोंबड्या खुराड्याला वळसा घालून धावल्या. माणिकबाई त्यांच्याशी काहीतरी पुटपुटल्या आणि झडप खाली ओढली. मी सवयीने ओरडलो, कर्रर्र!

"कोन हाय?" आयशाबींनी घरातून विचारलं.

माणिकबाई खराटा घेऊन घरात पळाल्या. साठीच्या बाईला तसं पळताना पाहून मला हसू आलं.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या. झडप वर केली, भाकरी टाकली, आणि आवाज नको म्हणून झडप तशीच वर ठेवून गेल्या. ती सरकायची पन्हळ गंजलेली, त्यामुळे झडप जिथल्या तिथे अडकून राहिली. मी काय करणार? मला तोंड नाही. होता तो एक आवाज, तोच त्या चुकवत होत्या.

चार दिवसांनी, उजाडता उजाडता, मुंगूस त्या झडपेतून आत शिरलं. मी सगळं पाहिलं आणि काहीही करू शकलो नाही. मजबूत म्हणून मिरवणाऱ्या माझ्याकडून एक मांजराएवढा जीव अडला नाही, याची मला मनापासून लाज वाटली. त्या दिवशी एक कोंबडी गेली. तीन दिवसांनी आणखी एक.

बशीरभाई आले. त्यांनी माती उकरून पाहिली, जाळी ओढून पाहिली, छतावर चढले. तीन बाजूंनी मला तपासलं. चौथी बाजू माणिकबाईंच्या अंगणातून दिसत होती, पण तिथे जायचं म्हणजे त्यांना विचारावं लागलं असतं. विचारायला कुणीच गेलं नाही.

फरदीन अकोल्याहून आला तो रविवार होता. त्याने आवाज चढवला नाही की टोमणाही मारला नाही. नुसता आईजवळ बसला. आयशाबी उठल्या आणि कपडे पेटीत भरू लागल्या. पेटी बशीरभाईंच्या गाडीत चढली, गादीची वळकटी चढली. उरलेल्या पाच कोंबड्यांचे पाय बांधायला सुतळी आली. बशीरभाई पाना घेऊन माझे नट सोडू लागले.

"चारी बाजूनं बंद केलं होतं म्या," ते जरा मोठ्यानेच म्हणाले. "मंग आलं कुठून ते? जिन होता का?"

कुंपणापलीकडे माणिकबाई कपडे वाळत घालत होत्या. त्यांचा हात थांबला. त्या माझ्याजवळ आल्या आणि वाकल्या. झडप वर अडकलेली होती आणि तिच्या कडेला एक तांबडं पीस चिकटलं होतं. गप्प बसल्या असत्या तर कुणाला काही कळलं नसतं. तासाभरात मीच गाडीत गेलो असतो.

माणिकबाई रस्त्यावरून फिरून, पुढच्या दाराने आत आल्या. वर्षभरानंतर पहिल्यांदा.

"आयशाबी, थांब. मुंगसाले दार म्या उघडून देल्लं."

माणिकबाईंनी सगळं सांगितलं. भाकरीचं, झडपेचं, आवाजाचं.

"काहून पन?" आयशाबी म्हणाल्या. "तू त मान मुरगाळनार होती त्यायची."

"म्हनली होती. मंग तुया कोंबड्या कोंडल्या, त माह्यं अंगन सुनं पडलं. करमे ना मले."

"मंग मले एक हाक माराची होती. काय जात होतं तुयं?"

"हाक माराले तोंड कुठं होतं?" माणिकबाई म्हणाल्या आणि पदर डोळ्याला लावला.

आयशाबी गुडघ्यावर हात देत माझ्याजवळ आल्या, आत शिरल्या आणि खुराडं स्वतः ओढून बाजूला केलं. झडप दिसली. त्यांनी ती हाताने खाली दाबली. कर्रर्र झालं.

"हाच आवाज होता त्या दिवशी," त्या म्हणाल्या. मग वळून म्हणाल्या, "बशीर, पेटी उतरव."

"अम्मी, लेकिन वादा..." फरदीन म्हणाला.

"पिंजरा बराबर है, बेटा. हम दो बुढियां गलत थीं."

फरदीनने आईकडे पाहिलं, माणिकबाईंकडे पाहिलं. मग गाडीत चढून त्याने स्वतःच पेटी खाली दिली.

बशीरभाई म्हणाले, झडपेला वेल्डिंग मारून कायमची बंद करतो. आयशाबी नको म्हणाल्या. त्यांनी बाहेरून कडी लावायला सांगितली, माणिकबाईंच्या हाताला येईल अशी. कडी बसली. मग बशीरभाई गाडीतून तेलाची बाटली घेऊन आले.

"तेल नको टाकू," आयशाबी म्हणाल्या. "वाजू दे. ते आली का नाई, मले समजलं पायजे."

आता रोज उजाडताना झडप वर जाते, भाकरी आत पडते, झडप खाली येते आणि कडी लागते. माझा तो वाईट आवाज झाला की स्वयंपाकघरात चहाचं एक कप पाणी वाढतं. पाच कोंबड्यांच्या आता नऊ झाल्या आहेत.

मित्रांनो, तुमच्याकडेही माझ्यासारखा एखादा जुना पिंजरा असेल, तर त्याला फेकू नका. वर्षातून एकदा रंग द्या. खालची जाळी तपासा, आणि तपासताना शेजाऱ्याच्या अंगणातली बाजूही पाहा. बाकी बिजागऱ्यांना, कड्यांना, कुलपाला हवं तेवढं तेल घाला. त्या झडपेला मात्र घालू नका.